सहाव्या प्रश्नाचं उत्तर

६ ऑगस्ट, बुधवार

पाळकसाहेबांनी आज प्रौढ वर्गातल्या अकरा जणांना अकरा वह्या दिल्या. दोनशे पानी, निळ्या कव्हरच्या. रोज लिहायचं: देवाने आज काय दाखवलं. "मी वाचणार नाही," असंही म्हणाले. ते बरं केलं.

वर्ग दर बुधवारी साडेपाचला, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. विषय: दुधाकडून जड अन्नाकडे. पवित्र शास्त्रातल्या एका पत्रात जुन्या विश्वासणाऱ्यांना झापलंय की, इतकी वर्षं झाली तरी तुम्ही तान्ह्या मुलांसारखे दुधावरच, जड अन्न तुम्हाला चालत नाही. पश्चात्ताप, विश्वास, बाप्तिस्मा, डोक्यावर हात ठेवणं, मेलेल्यांचं उठणं, शेवटचा न्याय, हा सगळा पाया. पाया एकदा घातला की पुन्हा पुन्हा घालत बसायचं नाही, पुढे जायचं. गोर्डे पाळक चौतीस वर्षांचे आहेत. उत्साह आहे.

मेलेल्यांचं उठणं पायामध्ये मोडतं हे मला माहीत नव्हतं. रतनला जाऊन सहा महिने झाले. म्हणजे माझा नवरा मला पुन्हा भेटणार, ही बालवर्गातली गोष्ट झाली.

वहीच्या पहिल्या पानावर पाळकसाहेबांनी दोन चौकोन काढून दिलेत. एकावर दूध, एकावर जड अन्न. आपण जिथे आहोत तिथे खूण करायची. मी दुधावर केली. विचार करावा लागला नाही.

७ ऑगस्ट

देवाने काही दाखवलं नाही. आईंना सकाळी दूध दिलं, दुपारी दूध, संध्याकाळी दूध. तिन्ही वेळा ठसका. निम्मं दूध टॉवेलवर. टॉवेल धुतले.

१० ऑगस्ट, रविवार

उपासनेनंतर नीरजाताई घरी आल्या. माझी नणंद. बिबवेवाडीहून खडकीला यायचं म्हणजे स्वारगेटला बस बदलायची, त्यामुळे त्या आल्या की आधी दहा मिनिटं पुण्याच्या वाहतुकीवर बोलतात. आज बोलल्या नाहीत. पर्समधून फॉर्म काढला.

"कृपा, वृद्धाश्रमात जागा झालीय. हडपसरच्या पुढे. आपल्याच मंडळींचा आहे, उपासना वगैरे सगळं होतं. एकतीस तारखेच्या आत कळवायचंय. माझी सही झालीय. ज्याच्या घरात राहतात त्याचीही लागते."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, राहेलबाई. वय चौऱ्याऐंशी. जूनमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तोंडातून आता येतं ते फक्त "अगं ए". मला पूर्वीही हाक तेवढीच यायची, त्यामुळे फार फरक जाणवत नाही.

आई कॉटवर जाग्या होत्या. नीरजाताईंनी आवाज खाली आणला. "तूही साठीची झालीस. रतन असता तर गोष्ट वेगळी. आणि खरं सांगू? आईने तुला काय सुख दिलं गं?"

मी म्हटलं, बघते.

"बघते म्हणजे हो की नाही?"

"बघते म्हणजे बघते."

फॉर्म गीतांच्या पुस्तकात ठेवला. मला हो म्हणायला काही अडचण नाही. नाही म्हणायलाही नाही. अडचण तीच आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

वर्गात एकेकाने आठवड्याचा अनुभव सांगायचा असतो. एका बाईंना पहाटे प्रार्थनेत उजेड दिसला. एकांना भावाला फोन करावासा वाटला, त्यांनी केला, दोघंही रडले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "काही नाही."

"काहीच नाही?"

"आईंचं करते. दिवस जातो."

पाळकसाहेब फार सौम्य बोलतात. म्हणाले, "कृपाताई, सेवा चांगलीच आहे. पण कधी कधी आपण कामात लपतो. आत्म्याला जडपण येतं. तुमचं चौथं दशक चालू आहे विश्वासात. आता दूध पुरे."

घरी येताना खडकी बाजारात थांबून दूधच घेतलं, दीड लिटर. येताना त्या शब्दाचा विचार केला. जड अन्न म्हणजे पचायला अवघड ते. पाय जड झाला म्हणजे जाणीव गेली, टोचलं तरी समजत नाही. निर्जीव वस्तूलाही जडच म्हणतात. तेव्हा मला जड अन्नाकडे जा सांगतात, आणि जड तर मी झालेच आहे. मग यांना आणखी कुठे पोचवायचंय मला?

रतन गेला त्या दिवशीही मी रडले नाही. लोकांनी विश्वासाची ताकद म्हटलं. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

१५ ऑगस्ट

सुट्टी. मैदानावर परेड, इथपर्यंत बँड ऐकू येतो. आईंचा डावा पाय चादरीखाली ठेका धरत होता. किंवा थरथरत असेल.

आज थोडं मागचं लिहिते, नाहीतर वही रिकामी राहील.

मी माहेरची भाग्यश्री. धायरीचं शेतकरी घर. खडकीच्या पोस्टात टपाल वेगळं करायला लागले, तिथे पार्सलच्या खिडकीवर रतन उजागरे होता. चौऱ्याण्णव साली लग्न ठरलं. त्याच्या आधी बाप्तिस्मा घ्यायचा म्हणून फॉर्म भरला. सासूबाईंनी तो चष्मा लावून वाचला. "भाग्यश्री? भाग्य म्हणजे नशीब. आम्ही नशीब मानत नाही, कृपा मानतो." पेन्सिलने नावावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, कृपा. मला विचारलं नाही. पोस्टात आम्ही असंच करायचो, चुकीचा पत्ता खोडून बरोबर लिहायचा, पाकिटाला कोण विचारतं?

मग महिनाभर रोज दुपारी प्रश्नोत्तरं. पिवळ्या कागदाची पुस्तिका होती, चाळीस प्रश्न, त्यांनी लहानपणी नगरच्या मिशनच्या शाळेत पाठ केलेले. त्या विचारायच्या, मी उत्तर द्यायचं, चुकलं की बोटांच्या पेरांवर पेन्सिल. तुला कोणी निर्माण केलं? देवाने. सहावा प्रश्न मला अजून आठवतो. तुझी काळजी कोण वाहतो? नवीन लग्न ठरलेलं. मी म्हटलं, रतन. पेन्सिल. "चूक! इथे माणसाचं नाव यायला नको. माझा स्वर्गातला पिता. म्हण." म्हटलं.

चाळीसच्या चाळीस पाठ झाले तरी चर्चच्या मंडळीत कुणी माझं कौतुक केलं की त्या म्हणायच्या, "अजून दुधावर आहे ती." हे एकतीस वर्षं ऐकलं. त्यामुळे गोर्डे पाळकांचा विषय काही मला नवीन नाही.

घरात दोघंच असलो की रतन मला भाग्या म्हणायचा. फेब्रुवारीपासून ते नाव कुणी घेतलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

चर्चला गेले नाही. आईंना ताप, छातीत खरखर. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. जूनपासून हा तिसरा ताप.

दूध तोंडात धरून ठेवतात आणि मग फुर्रकन उडवतात. माझ्या ब्लाउजवर, हातावर. मला वाटतं मुद्दाम करतात. पूर्वीही माझ्या हातचा चहा पहिल्या घोटाला पांचट असायचा.

वाचणार कुणी नाही म्हणून लिहिते. आज दूध पाजताना मनात आलं, ताप उतरला नाही तर फॉर्मचा प्रश्नच मिटेल. आलं आणि गेलं. वाईटही वाटलं नाही. पश्चात्तापाचा धडा मागच्या बुधवारीच झाला, पण पश्चात्तापाला आधी काहीतरी वाटावं लागतं. देव आहे की नाही असं मला आता कुणी विचारलं तर मी म्हणेन, असेल. जसं समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी राहत असेल तसं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी साडेआठला दूध पाजत होते. ठसका लागला आणि थांबेचना. मग एकदम थांबला आणि आवाजच बंद. ओठ निळे पडले. डोळे माझ्याकडे. मी त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापा मारल्या, बोट घालून काय येतं ते काढलं. मी ओरडत होते. काय ओरडत होते आठवत नाही, खालच्या मजल्यावरचे बापूराव धावत वर आले, ते म्हणाले तुम्ही "आई, आई" ओरडत होतात. मग एक उलटी झाली आणि श्वास लागला.

बापूरावांनी रिक्षा आणली. दवाखान्यात चार तास. आता बऱ्या आहेत. घरी आणलं.

मला भीती वाटली. अक्षर अजून वाकडं येतंय. भीती वाटली हे लक्षात आलं तेव्हा जरा बरंही वाटलं. हे विचित्र आहे, पण तसं झालं.

२० ऑगस्ट, बुधवार

वर्गाला गेले नाही. दवाखान्यातून सोनाली नावाची मुलगी आली होती. गिळणं आणि बोलणं शिकवणारी. पंचवीस-सव्वीसची असेल, पाठीवर सॅक. मी वाटीत दूध घेतलं तर तिने हातच धरला.

"काकू, थांबा! हे पातळ दूध कधीपासून देताय?"

"जूनपासून. आजारी माणसाला जड द्यायचं नाही म्हणून."

"अहो, उलटं आहे. पातळ पदार्थ त्यांना कंट्रोल नाही होत. घशात फास्ट जातो, श्वासनलिकेत जातो. ते ताप येतायत ना, छाती भरतेय ना, ते त्याचंच. पातळ टोटली बंद. नाचणीचं सत्त्व घालून शिजवायचं, चमचा उपडा केला तरी पटकन पडायला नको. घट्ट हवं. डिस्चार्जला सांगितलं नव्हतं का कुणी?"

मी म्हटलं, नाही सांगितलं.

ती गेल्यावर डिस्चार्जचा कागद शोधला. गीतांच्या पुस्तकातच होता, नीरजाताईंच्या फॉर्मच्या दोन पानं पुढे. कागदाच्या मागे लिहिलंय: "पातळ नको. घट्ट द्यायचं. मान खाली. दोनदा गिळू द्यायचं." खाली दोन रेघा ओढल्यात.

अक्षर माझं आहे.

सांगितलं होतं तर. मी ऐकलं, लिहून घेतलं, अधोरेखित केलं आणि घरी येऊन नऊ आठवडे त्यांच्या छातीत दूध ओतलं. त्या मुद्दाम उडवत नव्हत्या. गुदमरत होत्या. आणि त्यांना सांगता येत होतं तेवढं त्या सांगत होत्या: अगं ए, अगं ए.

२१ ऑगस्ट

कागद पुन्हा वाचला. अजूनही माझंच अक्षर.

२२ ऑगस्ट

सकाळी नाचणी-दूध. अकरा चमचे. हनुवटी छातीकडे, एक चमचा, गिळायचं, थांबायचं, पुन्हा गिळायचं. अकरा चमच्यांना पाऊण तास लागला. ठसका एकही नाही. अकराव्या चमच्याला आईंनी डोळे मिटले, तृप्त झाल्यावर लहान मूल मिटतं तसे.

दुपारी सोनाली पुन्हा आली. म्हणाली, बोलण्याचंही करून बघा. "नवीन वाक्य नाही येणार त्यांना. पण लहानपणी पाठ केलेलं असतं ना, पाढे, प्रार्थना, ते कधी कधी आपोआप बाहेर येतं. तुम्ही सुरुवात करून द्यायची. काय पाठ होतं त्यांचं?"

मी हसले. आवाज निघाला हसण्याचा. सोनालीला काही कळलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

पुस्तिका रतनच्या कपाटात, त्याच्या पोस्टातल्या सेवापुस्तकाखाली सापडली. कोपरे उंदरांनी खाल्लेत, प्रश्न शाबूत आहेत.

दुपारी आईंच्या उजव्या हाताला बसले, म्हणजे त्या पूर्वी बसायच्या त्या जागी. पेन्सिल घेतली नाही. विचारलं, "तुला कोणी निर्माण केलं?"

एक मिनिट काही नाही. मग ओठ हलले. "दे. देवा. देवाने."

"आणखी काय निर्माण केलं?"

"सर्व. काही." एकदम स्पष्ट, शाळेतल्या मुलीच्या सुरात, शेवटचं अक्षर वर उचलून. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या तोंडून आठ वर्षांच्या मुलीचा आवाज.

पाचव्या प्रश्नापर्यंत गेलो. मग त्या दमल्या. पाच प्रश्नांत एकही चूक नाही. माझ्या पहिल्या दिवशी तीन चुका होत्या.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले म्हणून वर्ग आज झाला. बाहेर ढोल, आत आम्ही. पाळकसाहेबांना ओरडून शिकवावं लागलं.

मी आपणहून बोलले. सांगितलं की आईंना प्रश्नोत्तरं विचारतेय, रोज, पहिल्यापासून, आणि सहाव्यावर गाडी अडते. सहावा विचारला की नुसतं बघत राहतात.

पाळकसाहेब खूश झाले नाहीत. वाईट माणूस नाही तो, काळजीने बोलतो. "ताई, त्यांच्यासाठी ठीक आहे. पण तुम्ही पुन्हा पहिल्या प्रश्नावर आलात. आपण इथे पुढे जायला जमलोय ना? नीरजाताईंचा मला फोन आला होता. आईंची नीट सोय झाली तर तुमचा वेळ मोकळा होईल. घरभेटी, उपवास, अभ्यास, किती करता येईल तुम्हाला. परिपक्वतेचा निर्णय कठोर वाटतो कधी कधी."

त्यांचं पटलं. आश्रमात नर्स असतात. त्या कागद हरवत नाहीत. स्वतःच्याच अक्षरात लिहिलेलं विसरणाऱ्या बाईच्या हातात कुणी म्हातारं माणूस ठेवू नये. मी तिथेच ठरवलं.

३० ऑगस्ट, शनिवार

फॉर्म भरला. रुग्णाचं नाव, वय, आहार. आहाराच्या रकान्यात अगदी बारीक अक्षरात सगळं लिहिलं: घट्टपणा, मान, दोनदा गिळणं, डाव्या गालात घास राहतो तो बोटाने काढणं, नाचणी गार झाली तर तोंड फिरवतात, पहिला चमचा अर्धाच द्यावा, ढोल वाजत असतील तर थांबावं. रकान्यात मावेना म्हणून वेगळा कागद जोडला. दोन्ही बाजूंनी भरला. एवढं मला माहीत आहे हे मलाच माहीत नव्हतं.

सहीची जागा रिकामी ठेवलीय. उद्या नीरजाताई येणार, त्यांच्यासमोर करीन.

त्यांच्या दोन साड्या आणि शाल इस्त्री केली. पुस्तिका बॅगेत ठेवली, मग काढली, मग ठेवली.

३१ ऑगस्ट, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी नाचणी. बारा चमचे. तोंड पुसलं. केस विंचरले. आज जायच्या आहेत म्हणून, की सवय म्हणून, प्रश्न सुरू केले. एक, दोन, तीन, चार, पाच. बरोबर. सहावा.

"तुझी काळजी कोण वाहतो?"

आई माझ्याकडे बघत राहिल्या. रोजच्यासारखं. मी थांबले. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. भ. भा.

मला वाटलं भात मागतायत.

"भाग्यश्री," आई म्हणाल्या.

मी ऐकलं नाही असं धरून पुन्हा विचारलं. तुझी काळजी कोण वाहतो?

"भाग्यश्री." शाळेतल्या मुलीच्या सुरात नाही. त्यांच्या स्वतःच्या आवाजात, जरा वैतागून, एकदा सांगितलेलं कळत नाही का, तशा.

उत्तर चूक आहे. पुस्तिकेत तसं नाही. इथे माणसाचं नाव यायला नको. हे मला त्यांनीच शिकवलंय.

मी दुरुस्त केलं नाही. रडू आलं. खूप आलं, घशातून आवाज करत. रतन गेल्यानंतर पहिल्यांदा. आईंनी डावा हात उचलला, तो माझ्या डोक्यापर्यंत आला की नुसता खाली पडला आणि वाटेत माझं डोकं होतं, ते मला सांगता येणार नाही. बराच वेळ तिथेच होता.

अकराला नीरजाताई आल्या. टॅक्सी खाली उभी. बॅग बघितली, माझं तोंड बघितलं. "काय झालं? फॉर्म कुठाय?"

फॉर्म गीतांच्या पुस्तकातून काढला. पोस्टात चौतीस वर्षं हातात शिक्का होता, आता नाही, म्हणून पेनाने आडवं लिहिलं: प्रेषकाकडे परत. आणि त्यांच्या हातात दिला.

"कृपा, हा काय प्रकार? पाळकसाहेबांना काय सांगू मी?"

"सांगा, अजून दुधावर आहे ती. घट्ट करून."

त्या काही हसल्या नाहीत. आईंच्या कॉटवर दहा मिनिटं बसल्या, गेल्या. जाताना फॉर्म वाचून म्हणाल्या, "आणि ही सही कुणाची केलीस?"

मी परत घेऊन बघितलं. "परत"च्या खाली सवयीने सही झाली होती. चौऱ्याण्णवच्या आधीची. भाग्यश्री.

खोडली नाही.